चांदी, सिमेंट आणि द्राक्षातलं आम्ल

विंचूर म्हटलं की पुणेकरांना आठवतो तो विंचूरकर वाडा, जिथे टिळकांनी १८९४ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला. इतिहासात रमणाऱ्यांना आठवतात पानिपतातून जिवंत परतलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर. आणि वीकेंडला नाशिक गाठणाऱ्या आयटीवाल्या मंडळींना आठवते वाइन! (ह. घ्या.) राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि निफाड तालुक्यातल्या या गावात एमआयडीसीचं वाइन पार्क आलं.

आजचा विषय मात्र दातांचा आहे. विंचूरची द्राक्षं आणि दातात भरायचं सिमेंट यांचा संबंध काय? आहे, आणि चांगला घट्ट आहे.

द्राक्षातलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल. चिंचेचा आंबटपणाही त्याचाच. वाइन मुरताना या आम्लाचा एक क्षार पिंपाच्या आतल्या बाजूला खड्यांसारखा साचतो, त्याला युरोपात टार्टर म्हणायचे. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तोच शब्द शरीरात साचणाऱ्या खड्यांना आणि दातांवरच्या कीटणाला लावला. डेंटिस्ट आजही 'टार्टर झालाय, क्लीनिंग करून घ्या' म्हणतो तो हाच शब्द. कीटणात टार्टारिक आम्ल नसतं, फक्त नाव पिंपातून तोंडात आलं. खरं आम्ल दाताच्या कामी यायला अजून चारशे वर्षं लागणार होती.

तोपर्यंत दातात काय भरत होते? आपल्याकडे ज्याला 'चांदी भरणं' म्हणतात ते. नाव चांदीचं, पण वजनाने जवळजवळ निम्मा पारा! चांदी, कथील, तांबं यांची पूड पाऱ्यात कालवली की मऊ लगदा होतो, आणि तो थोड्या वेळात दगडासारखा घट्ट बसतो. अमेरिकेत हे अ‍ॅमलगम १८३३ मध्ये पोचलं आणि लगेच भांडण पेटलं. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने १८४५ मध्ये सभासदांकडून 'अ‍ॅमलगम वापरणार नाही' अशी शपथ लिहून घेतली. परिणाम? १८५६ मध्ये संघटनाच बंद पडली, अ‍ॅमलगम टिकलं. कारण साधं होतं, स्वस्त आणि दणकट. पुढे १८९५ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी धातूंचं प्रमाण बसवून दिलं आणि ते आकसण्या-फुगण्याचा त्रास आटोक्यात आला.

पण अ‍ॅमलगमचा एक गुणधर्म असा, की पुढची सगळी कथा त्यावर फिरते. ते दाताला चिकटत नाही. नुसतं अडकून बसतं. म्हणजे किडलेला भाग काढून भागत नाही, खड्डा आतून रुंद आणि तोंडाशी अरुंद असा कोरावा लागतो. त्यासाठी चांगला दातही कापावा लागतो. कापायला ड्रिल हवं, ड्रिलला वीज हवी, खुर्ची हवी, दवाखाना हवा, बहुतेक वेळा बधिर करायचं इंजेक्शनही हवं. आपण याला डिपेंडन्सी म्हणतो ना, तसंच. एका गुणधर्मामागे अख्खी साखळी. ज्यांनी गावाकडचं लोडशेडिंग पाहिलंय त्यांना ही साखळी कुठे तुटते ते सांगायला नको. ती तुटली की उरतो एकच उपाय. दात उपटणं.

आता लंडनला जाऊ. तिथल्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट हे दोघे जुन्या सिलिकेट सिमेंटवर काम करत होते. हे सिमेंट म्हणजे काचेची पूड आणि फॉस्फोरिक आम्ल. दिसायला दातासारखं, काचेतल्या फ्लोराइडमुळे आसपास पुन्हा कीडही कमी लागायची, पण लाळेत झिजायचं आणि चिकटायचं नाही. इकडे १९६८ मध्ये मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी झिंक ऑक्साइड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल यांचं सिमेंट काढलं. ते दाताला चिकटत होतं! कारण या आम्लाच्या लांब साखळीवरचे गट दातातल्या कॅल्शियमला धरून बसतात. विल्सन-केंट जोडीने एकाची काच घेतली आणि दुसऱ्याचं आम्ल. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलं ग्लास आयोनोमर.

पण पहिलं व्हर्जन रेंगाळायचं. कालवताना लवकर जाड होई आणि पक्कं व्हायला मात्र उशीर लावी. म्हणजे दोन्हीकडून तोटा. यावरचा उपाय विल्सन आणि स्टीफन क्रिस्प यांनी शोधला (त्यांचा पेपर १९७६ चा). उपाय कुठला? थोडं टार्टारिक आम्ल!

ते काम कसं करतं हे आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. तांब्याचा तांब्या चिंचेने घासला की लख्ख होतो, कारण चिंचेतली आम्लं धातूच्या आयनांना पकडून ठेवतात. सिमेंटमध्येही तेच. काचेतून सुटलेले अ‍ॅल्युमिनियमचे आयन टार्टारिक आम्ल आधी स्वतः धरून ठेवतं, त्यामुळे डॉक्टरला कालवून भरायला वेळ मिळतो. मग सिमेंट झटक्यात घट्ट होतं. आधी कॅल्शियमचे बंध पडतात, नंतर अ‍ॅल्युमिनियमचे, आणि ताकद दिवसभर वाढतच राहते. (विंचूरची द्राक्षं थेट तुमच्या दाढेत जातात असं म्हणायचं नाहीये, रेणू तोच आहे इतकंच.)

गंमत बघा. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४, आणि दाताचं एनॅमल साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. म्हणून सतत वाइन चाखणाऱ्यांचे दात झिजतात. जे आम्ल दात खातं, तेच काचेशी गाठ पडल्यावर दात सांधायला मदत करतं.

चिकटणारं सिमेंट मिळाल्यावर साखळी सुटली. १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात डच दंतवैद्य यो फ्रेंकन आणि सहकाऱ्यांनी फक्त हातातल्या अवजारांनी मऊ झालेली कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरायची पद्धत सुरू केली. वीज नको, ड्रिल नको, इंजेक्शनही क्वचितच. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली आणि २०२१ मध्ये ग्लास आयोनोमर अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

मग सगळं छान? नाही. दाबाखाली अ‍ॅमलगम साधारण ४०० मेगापास्कल सोसतं, नेहमीचं ग्लास आयोनोमर त्याच्या निम्म्याच्या आसपास. ते ठिसूळ आहे. दाढेच्या दोन-तीन बाजू गेलेल्या मोठ्या खड्ड्यात ते लवकर हरतं. पण गरम चहानंतर गार पाणी प्यालं की एनॅमल जितकं प्रसरण-आकुंचन पावतं, जवळपास तितकंच हे सिमेंटही. अ‍ॅमलगमचं प्रमाण दुपटीहून जास्त. नुसत्या ताकदीच्या कोष्टकात हे दिसत नाही.

हे सगळं आत्ता का? पाऱ्यावरच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला ठरलं की दातांसाठी अ‍ॅमलगमचा वापर २०३४ पर्यंत थांबवायचा. पाऱ्याचा विचार करता बरंच झालं. पण तुमच्याआमच्या शहरात त्याची जागा कॉम्पोझिट घेईल, ज्याला निळा दिवा लागतो, दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो आणि पैसेही जास्त लागतात. म्हणजे पुन्हा तीच डिपेंडन्सी! गावातल्या शाळकरी पोराच्या छोट्या किडीसाठी ग्लास आयोनोमर आणि ते भरायला शिकलेला माणूस तिथपर्यंत पोचला नाही, तर पारा जाईल आणि पोराचा दातही जाईल. २०३४ पर्यंत या दोन्ही गोष्टी गावोगाव न्यायला हव्यात, आणि त्याचं नियोजन आत्ताच व्हायला हवं.

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी डेंटिस्टच्या खुर्चीत 'आ' करण्याआधी एकदा विचारा, 'डॉक्टर, काय भरताय?' नंतर विचारता येत नाही :)