पंजाचा नकाशा

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नसे. तरुणपणी बाभळीचा काटा रुतून बोटात पू झाला. जीव वाचला, बोट मात्र लाकडासारखे राहिले.

बोटाची जखम जिवावर बेतते, हे व्हिएन्नाचे डॉ. याकोब कोलेच्का यांच्या मृत्यूने १८४७ साली दाखविले. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांचे बोट चिरले होते. पण जीव वाचवून हातही कामाचा कसा ठेवावा?

शिकागोचे शल्यविशारद डॉ. अॅलन कानाव्हेल यांनी मृतदेहांच्या पंजांत पातळ प्लास्टर ऑफ पॅरिस दाबाने भरले व ते कोठवर पसरते हे पाहिले. पूही त्याच वाटांनी सरकतो, हे त्यांनी ताडले. १९१२ च्या त्यांच्या ग्रंथाने चिरा कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये, हे शिकविले. किंचित वाकलेले, सारखे सुजलेले, कंडरेच्या वाटेवर दुखरे आणि सरळ करू जाता असह्य कळ देणारे बोट: त्यांच्या नावाची ही चार लक्षणे डॉक्टर आजही तपासतात.

पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर रुग्णाची भिस्त या नकाशावरच होती. आजही कोंडलेल्या पुवाला नुसते औषध पुरत नाही, वाट करून द्यावी लागते.

आपल्याकडे ‘हातावर पोट’ म्हणतात. वडिलांनी पुढे जन्मभर विळा चार बोटांनी धरला. वेळीच, योग्य जागी दिलेल्या चिऱ्याचे मोल मला त्या बोटाने शिकविले.