लिफ्ट दिली, पण कायदा कुठला?

ऑनसाइटला न्यूयॉर्क राज्यात असताना आम्हा चौघांचा एक वीकेंड नायगारासाठी राखून ठेवलेला होता. तोही कॅनडाच्या बाजूने, कारण 'खरा धबधबा तिकडूनच दिसतो' असं जाऊन आलेल्या प्रत्येकाने ऐकवलेलं. गाडी एकाची, पेट्रोलची कॉन्ट्री सगळ्यांची, चिवड्याचा डबा मागच्या सीटवर. टोरांटोत राहणारा एक कॉलेजमित्र पलीकडे आमच्या गाडीत येऊन बसला. दुपारी पावसात गाडी एकदा घसरली, गर्रकन फिरली आणि थांबली. कोणाला खरचटलंही नाही. पण परतताना विषय निघालाच... समजा काही झालं असतं, तर पैसे कोणी भरायचे? आणि कुठल्या देशाच्या कायद्याने?

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं, की जवळपास हाच प्रवास एका गाजलेल्या खटल्याच्या मुळाशी आहे.

१६ सप्टेंबर १९६०, शुक्रवार. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून एक जोडपं आणि त्यांची मैत्रीण वीकेंडसाठी कॅनडाकडे निघाले. ऑन्टारिओत नवऱ्याचा गाडीवरचा ताबा सुटला आणि गाडी रस्त्यालगतच्या दगडी भिंतीवर आदळली. मैत्रीण जबर जखमी झाली. परत आल्यावर तिने न्यूयॉर्कच्या कोर्टात भरपाई मागितली.

आता गंमत बघा. ऑन्टारिओचा तेव्हाचा कायदा सांगत होता की फुकट नेलेल्या प्रवाशाला इजा झाली तर चालक किंवा मालक जबाबदार नाही. भाडं घेऊन माणसं नेण्याचा धंदा असेल तरच जबाबदार. हेतू असा, की मित्रामित्रांनी संगनमत करून विमा कंपनीला टोपी घालू नये. (आमची कॉन्ट्री 'भाडं' ठरली असती का, यावर आमची एक संध्याकाळ गेली.) न्यूयॉर्कमध्ये असा कायदाच नव्हता. म्हणजे भिंत सीमेच्या अलीकडे असती तर पैसे, पलीकडे असेल तर काही नाही!

आणि त्या काळी उत्तर ठरलेलं होतं : जिथे इजा झाली तिथला कायदा. अलाबामाच्या कोर्टाने १८९२ मध्ये हा नियम किती टोकाला नेला होता पाहा. रेल्वे अलाबामाची, कामगार अलाबामाचा, नोकरीचा करार तिथलाच. डब्यांना जोडणारी कडी तपासायला हवी होती, ती तपासणीही अलाबामातच राहून गेली. पण कडी तुटली मिसिसिपीत. मिसिसिपीच्या कायद्यात सहकाऱ्याच्या चुकीसाठी भरपाई नव्हती, म्हणून त्याला दमडीही मिळाली नाही. कडीने तुटायची जागा चुकीची निवडली, एवढाच त्याचा गुन्हा.

रॉचेस्टरच्या बाईही खालच्या दोन्ही कोर्टांत हरल्या. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पायरीवर न्यायमूर्ती फुल्ड यांनी पारडं फिरवलं. चालक न्यूयॉर्कचा, प्रवासी न्यूयॉर्कची, गाडी, विमा, सहलीची सुरुवात आणि शेवट, सगळं न्यूयॉर्कचं. ऑन्टारिओचा संबंध काय, तर अपघात योगायोगाने तिथे झाला. तेव्हा कायदा न्यूयॉर्कचा. मात्र गाडी कशी चालवावी, वेग किती, हे त्या जागेच्याच नियमांवरून ठरणार, हेही त्यांनी स्पष्ट केलं. मला हा भेद फार आवडला. रस्ता त्यांचा, पण आपसातला हिशोब आपला.

इंग्लंडमध्ये १९६९ साली असाच निकाल लागला. माल्टात तैनात दोन ब्रिटिश सैनिक, एकाच्या गाडीने दुसऱ्याला स्कूटरवरून उडवलं. माल्टाच्या कायद्याने भरपाई ५३ पौंड, इंग्लिश कायद्याने २,३०३. हाउस ऑफ लॉर्ड्सने मोठा आकडा दिला.

पण इथे खूश होऊन थांबू नका. १९६९ मध्येच बफेलोचा एक माणूस सीमा ओलांडून फोर्ट एरीला गेला, तिथल्या मित्राला गाडीत घेतलं, आणि ऑन्टारिओतच रेल्वे फाटकावर दोघेही गेले. मित्राच्या बायकोने न्यूयॉर्कमध्ये दावा केला. १९७२ चा निकाल त्याच फुल्डसाहेबांनी लिहिला : तुमचा नवरा ऑन्टारिओचा, अपघात ऑन्टारिओत, तेव्हा कायदाही ऑन्टारिओचा. तोवर तो थोडा मऊ झाला होता, म्हणजे घोर निष्काळजीपणा सिद्ध केला तर भरपाई. पण साधी चूक असेल तर हात हलवत परत. एकाच गाडीत शेजारी बसलेल्या दोघांची नशिबं पत्त्यावरून वेगळी!

कॅनडाने तर हा 'योगायोगाचा' युक्तिवाद फारसा मानलाच नाही. ब्रिटिश कोलंबियातला बारा वर्षांचा मुलगा वडिलांच्या गाडीत असताना सास्कॅचेवानमध्ये अपघात झाला. १९९४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदा सास्कॅचेवानचाच. ऑस्ट्रेलियानेही २००२ मध्ये जागेलाच कौल दिला. युरोपियन युनियनमध्ये २००९ पासून मधला मार्ग आहे. मुळात जागेचा कायदा, पण दोघेही एकाच देशात राहत असतील तर त्या देशाचा. लक्षात घ्या, प्रश्न राहण्याचा आहे, पासपोर्टचा नाही. आम्ही सगळे भारतीय असूनही भारताचा कायदा कोणी विचारला नसता.

ऑन्टारिओने तो फुकट प्रवाशाचा कायदा पुढे स्वतःच रद्द केला. हे टोरांटोच्या मित्राला सांगितलं, तरी त्याचं समाधान झालेलं नाही. पुढच्या वेळी तो स्वतःची गाडी घेऊन येणार म्हणतोय.