किल्ट, बर्फ आणि वऱ्हाड : एका लोकरी वस्त्राचा प्रवास

१/ बर्फाने झाकलेली टेकडी, बोचरा वारा, आणि त्यात किल्ट नेसून उघड्या गुडघ्यांनी चालणारा माणूस. पौषातल्या पहाटे यवतमाळात शेकोटीशी बसणाऱ्याला असे चित्र पाहून प्रश्न पडणारच: याला थंडी वाजत नाही का? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर वाट आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातून जाते. त्यासाठी हा थ्रेड.

२/ प्रथम वस्त्राविषयी. मूळचा किल्ट शिवलेला नव्हता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, म्हणजे हायलँड्समधील, माणूस लोकरीचे कित्येक वार लांब कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधी आणि उरलेला भाग खांद्यावर घेई. दिवसा तो पोशाख, पावसात डोक्यावरचे आच्छादन आणि रात्री अंथरूण-पांघरूण.

३/ आपल्याकडे याचे जवळचे नातलग म्हणजे धनगरांची घोंगडी. तीही न शिवलेली आणि लोकरीची. पावसात तिची खोळ होते, रात्री तीच अंगावर येते. दोन्ही वस्त्रे मेंढ्यांमागे आणि गुरांमागे उघड्या माळावर फिरणाऱ्यांनी घडवली. कमरेखालचा छोटा किल्ट अठराव्या शतकात रूढ झाला.

४/ मग बर्फात ऊब येते कुठून? सैनिकी किल्टला सुमारे सात वार कापड लागते. त्याच्या दाट चुण्यांत हवा अडकते आणि कंबर, मांड्या उबदार राहतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषूनही ओली वाटत नाही. शोषताना ती किंचित उष्णताही सोडते. उघड्या पायावरचा बर्फ झटकता येतो. भिजलेली विजार मात्र पायाला चिकटून अंगातली ऊब ओढून घेते.

५/ इंग्रज अधिकारी एडवर्ड बर्ट याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हायलँड्समधून लिहिलेल्या पत्रांत एक चकित करणारी नोंद आहे. थंडीवाऱ्यात उघड्यावर झोपण्यापूर्वी तेथील लोक आपले लोकरी वस्त्र ओढ्यात भिजवून अंगाभोवती गुंडाळून घेत. भिजून फुगलेल्या लोकरीतून वारा सहज आत शिरत नाही.

६/ आता राजकारण. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत हायलँडच्या बंडखोरांचा पराभव झाला आणि ब्रिटिश संसदेने त्यांच्या पोशाखावरच बंदी घातली. किल्ट घातल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. अपवाद एकच: राजाच्या सैन्यातील शिपाई.

७/ ही मेख लक्षात घ्या. ज्या राजसत्तेने पोशाख हिरावून घेतला, तिच्याच चाकरीत तो उजळ माथ्याने घालता येत होता. बंदी १७८२ मध्ये उठली, पण तोवर गावागावांतून किल्ट मागे पडला होता. जिवंत राहिला तो पलटणींत. आणि पलटणी जातील तिथे, म्हणजे साम्राज्याच्या युद्धांत, तोही जाऊ लागला.

८/ १८०३. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध. आर्थर वेलस्लीच्या फौजेत ७४वी आणि ७८वी या हायलँडर पलटणी होत्या. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव, १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड. तीनही ठिकाणी या पलटणी लढल्या. गाविलगडाचा किल्लेदार बेणीसिंग गड राखताना पडला.

९/ त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावे लागले आणि ते निजामाकडे गेले. नकाशा उघडून पाहा: वर्धेच्या पश्चिमेला आणि पैनगंगेच्या उत्तरेला आपले यवतमाळ आहे.

१०/ म्हणजे एका दूरच्या डोंगराळ मुलखात सत्ता हरलेल्यांची मुले परक्यांच्या चाकरीत येथे आली आणि त्यांच्या लढाईने आपल्या मुलखाचा धनी बदलला. असईच्या स्मरणार्थ या दोन्ही पलटणींना हत्तीचे चिन्ह मिळाले. १८०९ मध्ये इतर भागांतील भरती वाढावी म्हणून सहा पलटणींचा हायलँड पोशाख काढून घेण्यात आला. त्यांत ७४वी होती. ७८वीचा किल्ट टिकला.

११/ १८८१ मध्ये ७२वी आणि ७८वी एकत्र करून ‘सीफोर्थ हायलँडर्स’ ही रेजिमेंट झाली. १९१४ मध्ये तिची पहिली पलटण भारतातच होती. महायुद्ध पेटताच ती मेरठ डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेली. याच भारतीय कोअरमध्ये खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या होत्या आणि त्यांत मराठे होते. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल येथे त्यांना मोठी प्राणहानी सोसावी लागली.

१२/ नोव्हेंबरात बर्फ पडला. भारतीय शिपाई फ्रान्सला उतरले तेव्हा अंगावर पातळ सुती खाकी होती. गरम कपडे नंतर हळूहळू पोहोचले. शेजारच्या खंदकात लोकरी किल्ट. मग किल्टवाले सुखात होते का? नाही. इथे त्या वस्त्राची मर्यादा उघडी पडली.

१३/ किल्ट ऊब देतो तो चालणाऱ्या माणसाला. खंदकात तासन् तास गुडघाभर चिखलात उभे राहावे लागे. चिखलाने माखलेल्या चुण्यांचे वजन वाढे, रात्री किल्टची कड गोठून टणक होई आणि गुडघ्यामागची कातडी कापे. चुण्यांत उवा होत. पुढे १९१७ मध्ये मस्टर्ड वायू आला, तेव्हा उघड्या त्वचेवर फोड उठू लागले.

१४/ तरीही पलटणींनी किल्ट सोडला नाही. वर खाकी कापडाचा ॲप्रन बांधून तो चालवला. पूर्वजांनी ज्यासाठी कैद भोगली, ते वस्त्र चिखल-बर्फाला भिऊन टाकायचे कसे, ही भावना त्यामागे होती. लढाईच्या गणवेशातून किल्ट दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला हटला. १९४० मध्ये फ्रान्समध्ये कॅमेरॉन हायलँडर्स तो घालून लढले, ते बहुधा शेवटचे.

१५/ तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: थंडी वाजते, पण लोकर आणि चालते पाय ती बरीच पेलतात, उरलेली थंडी माणूस अभिमानापोटी सोसतो. गाविलगडला गेलात तर तटावर उभे राहून हे दोन्ही आठवा: गड राखताना पडलेला बेणीसिंग, आणि आपला पोशाख राखण्यासाठी दुसऱ्याचे युद्ध लढायला आलेला तो डोंगरी शिपाई.

(समाप्त)