शेतातला टॉवर आणि तारायंत्राचा कायदा

शेतात वीजवाहिनीचा टॉवर उभा राहतो तेव्हा सातबारा बदलत नाही. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. फक्त चार पायांमधल्या जागेत नांगर चालत नाही, ट्रॅक्टरला दर फेरीला वळसा घालावा लागतो, मधल्या चौकोनात हराळी आणि गाजरगवत माजतं, उंदीर तिथेच बिळं करतात. लाईन ४०० केव्हीची असेल तर तिच्याखाली साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा येतो. त्यात सोयाबीन, हरभरा घेता येतो. आंबा-नारळ वाढवता येत नाही, घर बांधता येत नाही, बोअर मारायची गाडी आणायची तर वरच्या तारांचा धाक. जमीन संपादित न करता तिला असं जखडून टाकण्याचा अधिकार कुठून आला, ते पाहायला विजेच्याही मागे जावं लागतं.

१८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं तारायंत्राने जोडली गेली. १८५७ च्या उठावात तारेचं मोल कंपनी सरकारला पुरतं कळलं. पुढे १८८५ चा भारतीय तार कायदा आला. त्याच्या कलम १० ने तार खात्याला कोणाच्याही जमिनीत खांब रोवायची आणि तिच्यावरून तार न्यायची मुभा दिली. अटी दोन. खात्याला मालकी मिळणार नाही, वापरापुरता हक्क मिळेल. आणि नुकसान शक्य तितकं कमी करायचं, जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. कोणी अडवलं तर कलम १६ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी हुकूम देणार, भरपाईचा वाद जिल्हा न्यायाधीशापुढे जाणार. खांब बांधावर रोवला की शेताला त्याचा फारसा उपद्रव नव्हता. त्या खांबापुरता हा कायदा वाजवी होता, असंच मला वाटतं.

१९१० च्या वीज कायद्यात कलम ५१ आलं आणि तार खात्याचे हे अधिकार वीजवाहिन्या टाकणाऱ्यांनाही देण्याची सोय झाली. पाचच वर्षांनी, १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातली वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी परळपर्यंत पोचली. पुढे टाटांच्याच मुळशीच्या धरणाखाली गावं जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण गावच्या गाव बुडवतं, म्हणून गाव एक होतं. लाईन मात्र एकाच्या शेतात टॉवर ठेवते, दुसऱ्याच्या शेतावरून नुसती तार नेते आणि तिसऱ्याला सोडून देते. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, त्यामुळे प्रत्येक जण एकटाच तहसील कचेरीत उभा राहतो.

२००३ च्या वीज कायद्याने कलम १६४ मध्ये तोच वारसा पुढे चालवला. छत्तीसगडमधल्या एका चुनखडीच्या खाणपट्ट्यावरून गेलेल्या लाईनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की असे अधिकार मिळालेल्या कंपनीला जमीनमालकाची आगाऊ संमती लागत नाही.

नुकसान शक्य तितकं कमी, ही अट खरी उतरते किंवा बुडते ती आखणीत. लाईन वळवायची तर कोनावरचा टॉवर जड लागतो, पाया मोठा लागतो, खर्च चढतो. म्हणून आखणी सरळ रेषेकडे झुकते, आणि सरळ रेषा बांध पाहत नाही. टॉवर थोडा पुढे-मागे करून बांधाला लावला तर शेत वाचतं. पण ही गोष्ट चुना टाकून खुणा करायच्या आधी कोणीतरी शेतकऱ्याला विचारायला हवी.

भरपाई म्हणजे कित्येक वर्षं उभ्या पिकाचा आणि तोडलेल्या झाडांचा पंचनामा, एवढंच होतं. २००७ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की जमीन कुठे आहे आणि लाईन तिच्या कडेने जाते की मधून, हेही धरलं पाहिजे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये टॉवरखालच्या जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी जास्तीत जास्त १५ टक्के अशी सूचना काढली. २०२४ मध्ये ते आकडे २०० आणि ३० टक्के झाले. पण या राज्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचना आहेत. कायद्याच्या मजकुरात त्या नाहीत.

पर्यावरणाची बाजू तर आणखी विचित्र आहे. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पारेषण वाहिन्यांचा समावेशच नाही. लाईन वनजमिनीतून गेली, की १९८० चा वन कायदा आडवा येतो, पर्यायी मार्ग दाखवावे लागतात. गोव्यात मोले अभयारण्यातून जाणाऱ्या ४०० केव्ही वाहिनीविरुद्ध लोक उठले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये सुचवलं, की नवं जंगल कापण्याऐवजी आधीच असलेल्या वाहिनीच्या पट्ट्यातून जा. माळढोकासाठीही न्यायालय धावलं. जड अंगाचा हा पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारेपुढे ऐन वेळी वळणं त्याला जमत नाही. २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली घालायचा आदेश झाला, २०२४ मध्ये तो सैल झाला. हे संरक्षण अपुरंच आहे, ते वाढायला हवं. मात्र जंगल टाळायचं म्हणून रेषा सरकते ती बहुतेकदा शेतात, आणि तिथे दुसरा मार्ग तपासा असं सांगणारी समिती नसते.

शेवटची सरकारी तार २०१३ च्या जुलैत गेली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा कायदाही रद्द केला, पण त्याचा तिसरा भाग, ज्यात कलम १० आणि १६ येतात, वीजवाहिन्यांपुरता जिवंत ठेवला. टॉवरसाठी टॉवरचा कायदा लिहायची ती संधी होती. आखणीचा नकाशा आधी चावडीवर लावा, टॉवर बांधाला घेता येतो का ते शेतकऱ्याबरोबर शेतात फिरून ठरवा, पट्ट्याची भरपाई कायद्यातच घाला, एवढं तरी त्यात यायला हवं होतं.