डिफरन्शियलमधले तेल आणि समुद्रातला देवमासा

गेल्या मे महिन्यात मालवणला एका परिचितांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे एक जुनी, उघड्या टपाची, दोन माणसांची एमजी गाडी आहे. पावसाळ्यापूर्वी तिच्या गिअरबॉक्समधले आणि मागच्या आसावरील डिफरन्शियलमधले तेल बदलायचे ठरले होते. बारावीत शिकणारा त्यांचा पुतण्या तेलाचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, ह्या सगळ्यात महाग आसा. दोनीकडे ह्याच घालूक काय हरकत आसा?"

प्रश्न साधा होता. महाग तेल, वरच्या दर्जाचे तेल, मग ते सगळीकडे का चालू नये? उत्तर देताना मात्र बैलगाडीपासून देवमाशापर्यंत जावे लागले. वर्गात यंत्रे, घर्षण आणि रसायनशास्त्र शिकवताना हा इतिहास उपयोगी पडेल, म्हणून तो येथे मांडतो.

वळणावरचे गणित

प्रथम डिफरन्शियल कशासाठी लागते ते पाहू. करूळ किंवा आंबोलीच्या घाटात गाडी पूर्ण उलट फिरते, अशी वळणे आहेत. असे वळण म्हणजे अर्धे वर्तुळ. आतल्या चाकाच्या मार्गाची त्रिज्या r आणि दोन चाकांमधले अंतर d मानले, तर बाहेरचे चाक π(r + d) एवढे आणि आतले चाक πr एवढे अंतर कापते. फरक πd. यात r उरतच नाही. वळण अरुंद असो वा रुंद, फरक तेवढाच. चाकांमध्ये १.२ मीटर अंतर असलेल्या छोट्या गाडीत बाहेरचे चाक सुमारे ३.८ मीटर जास्त धावते. दोन मीटर रुंदीच्या बसमध्ये हाच फरक ६.३ मीटर होतो. विद्यार्थ्यांना हे पटत नाही. मैदानावर दोरी घेऊन मोजायला लावावे.

बैलगाडीत ही अडचण नसते. तिचा आस स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर आपापल्या वेगाने फिरतात. ओढणारे बैल पुढे असतात, चाकांनी फक्त मागून यायचे. इंजिनाची ताकद चाकांनाच द्यायची म्हटली की मात्र पेच पडतो. दोन्ही चाके एका आसाला पक्की जोडली, तर वळणावर एक चाक घसटत जाणार. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर याने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला. दंतचक्रांची अशी जुळणी की ताकद दोन्ही चाकांना मिळावी, पण एकाचा वेग कमी झाला तर तेवढाच दुसऱ्याचा वाढावा. हेच डिफरन्शियल. पुढे पेट्रोलच्या मोटारींनी ते जसेच्या तसे उचलले.

वंगणाची जुनी परंपरा

बैलगाडीला डिफरन्शियल नव्हते, पण वंगण होते. गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे जुन्या पिढीतील वाचकांनी पाहिले असेल. त्यात एरंडेलात काजळी मिसळून केलेले काळे, घट्ट वंगण असे. समुद्रकाठच्या माणसाला तेलांचे प्रकार कधी कमी पडले नाहीत. खोबरेल होते, उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यात जळत होते आणि माशांचे तेल होड्यांच्या लाकडाला चोळले जात होते. कोणते तेल कुठे वापरायचे हे अनुभवाने ठरलेले होते.

एरंडेलाने तर जगाचा प्रवास केला. ते चिकट असते, तापल्यावरही धातूला धरून राहते आणि पेट्रोलमध्ये सहजासहजी विरघळत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांत ते वापरले गेले. १९०९ मध्ये बाजारात आलेले 'कॅस्ट्रॉल' हे नावही एरंडीच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच पडले.

तेल ओझे उचलते

तेल लावले की यंत्र हलके चालते हे सर्वांना ठाऊक होते, पण का, हे कळायला १८८३ साल उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने एक भोक पाडले होते. आस फिरू लागताच त्यातून तेल वर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसवले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. याचा अर्थ आतल्या तेलात मोठा दाब निर्माण होत होता आणि आसावरचे सगळे ओझे त्या पातळ थराने उचलून धरले होते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये याचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढतो, तेल तेथे अडते आणि दाब वाढतो. यासाठी दोनच गोष्टी लागतात, पुरेसा वेग आणि पुरेसा घट्टपणा.

गॅरेजमध्ये 'नव्वद नंबर' किंवा 'एकशेचाळीस नंबर' म्हणतात ते या घट्टपणाचे आकडे. आकडा मोठा तितके तेल घट्ट. मात्र गिअरच्या तेलाची मोजपट्टी इंजिनाच्या तेलाहून वेगळी आहे. गिअरचे ९० आणि इंजिनाचे ४० किंवा ५० यांचा घट्टपणा जवळपास सारखाच भरतो. आकडा हा दर्जा नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

दातांचा वाढता भार

इंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीत फिरतो आणि चाकांचा आस रुंदीत. दोघांची गाठ मागच्या आसावर काटकोनात पडते. तेथे एक लहान दंतचक्र मोठ्या कंकणासारख्या चक्राला फिरवते. सुरुवातीला या चक्रांचे दात सरळ होते आणि फार आवाज करत. पुढे वक्र दात आले. दोन्ही चक्रांचे अक्ष एकमेकांना छेदत असल्याने दात मुख्यतः एकमेकांवर लोळत आणि साध्या खनिज तेलाने काम भागे.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील ग्लीसन कंपनीने 'हायपॉइड' चक्रे आणली आणि १९२६ मध्ये पॅकार्ड मोटारीत ती बसली. यात लहान चक्राचा अक्ष मोठ्या चक्राच्या मध्याच्या खाली घेतलेला असतो. त्यामुळे दांडा खाली जातो, गाडीचा तळ खाली येतो, लहान चक्र जाड व मजबूत करता येते आणि आवाजही कमी होतो. बुटक्या, वेगवान गाड्यांना हे फारच सोयीचे. पण त्याची किंमत दातांनी मोजली. आता दात लोळण्याबरोबर लांबीच्या दिशेने जोरात घसरूही लागले. प्रचंड दाबाखाली घसरताना तेलाचा थर पुसला जातो. धातू धातूला भिडतो, क्षणभर तापतो, चिकटतो आणि ओरबाडला जातो. टॉवरने पाहिलेला तेलाचा दाब येथे पुरा पडत नाही.

मग रसायनशास्त्र मदतीला आले. तेलात गंधक, क्लोरीन किंवा फॉस्फरस यांची संयुगे आणि शिशाचे साबण मिसळले, तर ती थंड जागी गप्प राहतात. जेथे दात घासून तापतात, नेमक्या तेथेच ती लोखंडाशी संयोग पावतात. गंधकापासून आयर्न सल्फाइडचा अतिशय पातळ थर बनतो. तो मूळ पोलादापेक्षा सहज कातरला जातो. घासला जातो तो हा थर, दात वाचतो. थर गेला की नवा तयार होतो. गिअरच्या तेलाला जो उग्र वास येतो, तो या गंधकाच्या संयुगांचा.

देवमासा कोठून आला?

गंधक तेलात टिकून राहावे, साका बनून तळाशी बसू नये, यासाठी चांगला वाहक हवा होता. तो सापडला स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यात. याच्या विशाल डोक्यातील तेल म्हणजे नेहमीची चरबी नव्हे. खोबरेल किंवा एरंडेलात ग्लिसरॉलला मेदाम्ले जोडलेली असतात. स्पर्म व्हेलच्या तेलात लांब साखळीचे अल्कोहोल आणि मेदाम्ल यांची जोडी असते. रसायनदृष्ट्या ते द्रवरूप मेणच. ते गंधक चांगले धरून ठेवते, खनिज तेलात मिसळते आणि धातूला चिकटून राहते. १९३० च्या दशकापासून गंधकयुक्त व्हेलतेल गिअरच्या आणि स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलांत वापरले जाऊ लागले. मागच्या शतकात दिव्यांसाठी होणारी या प्राण्याची शिकार रॉकेलमुळे मागे पडली होती. आता यंत्रयुगाने तिला नवे कारण दिले.

आपला समुद्रही यातून सुटला नाही. १९६३ ते १९६७ या काळात सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रासह उत्तर हिंदी महासागरात तीन हजारांहून अधिक देवमासे मारले. त्यांत नऊशेहून अधिक स्पर्म व्हेल होते. ही शिकार बेकायदा होती आणि आकडे लपवले गेले होते. १९९० नंतर सोव्हिएत जीवशास्त्रज्ञांनीच जपून ठेवलेल्या नोंदींतून ते उघड झाले.

अमेरिकेने १९७० मध्ये स्पर्म व्हेलला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्याच्या तेलाची आयात थांबली. तेव्हा उद्योगांनी पर्याय शोधले आणि ते सापडलेही. काही प्राण्यांच्या व वनस्पतींच्या चरबीपासून, तर काही प्रयोगशाळेत बनवलेली संयुगे. जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांत तर व्हेलच्या तेलासारखेच द्रव मेण निघाले. आज राजस्थानातही त्याची लागवड होते. ज्याच्यावाचून चालणार नाही असे वाटत होते, त्याच्यावाचून काही वर्षांतच चालू लागले.

मग डब्यातले तेल कोणते?

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे येऊ. डब्यावर 'जीएल-४' किंवा 'जीएल-५' लिहिलेले असते. हे घट्टपणाचे नव्हे, तर दाब सोसण्याच्या क्षमतेचे वर्ग आहेत. जीएल-५ हायपॉइड चक्रांसाठी ठरवले गेले आणि त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. पोलादी दातांना ती तारतात. पण जुन्या गिअरबॉक्समध्ये वेग जुळवणाऱ्या कड्या पितळ किंवा ब्राँझच्या असतात आणि गंधकाला तांबे फार आवडते. कडीवर सल्फाइडचा थर बनतो, तो झिजतो, पुन्हा बनतो आणि दर वेळी थोडी कडी घेऊन जातो. पोलादाला वाचवणारी क्रियाच येथे घातक ठरते.

जुन्या गाड्यांत आणखी एक मेख असते. एमजीच्या टीसी या गाडीत मागे वक्र दातांची साधी चक्रे होती, तर तिच्या पाठोपाठ आलेल्या टीडीत हायपॉइड. नाव एकच, गरज वेगळी. म्हणून आधी गाडीचे मूळ पुस्तक उघडावे. आमच्या गाडीचा मागचा आस हायपॉइड निघाला. तेथे ९० नंबरचे जीएल-५ गेले, गिअरबॉक्ससाठी पुस्तकात सांगितलेले सौम्य तेल आणले. महाग डबा निम्माच उपयोगी पडला.

तेल बदलताना गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणली, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाचा गाळही निघतो. सपाट जागी गाडी उभी करून आधी भरण्याचे बूच सैल केले, मगच सोडण्याचे. हा क्रम चुकला आणि वरचे बूच गंजून बसलेले निघाले, तर तेल गेलेले आणि भरता येत नाही अशी गत होते. निघालेले तेल दुधाळ होते. हा किनाऱ्याचा प्रसाद. चालताना आसातील हवा तापते, थंड होताना श्वासनळीतून दमट हवा आत ओढली जाते. बोटांत चोळल्यावर बारीक चमक दिसली, पण कपच्या नव्हत्या. चमक म्हणजे नेहमीची झीज, कपची म्हणजे तुटलेला दात. नवे तेल भोकाच्या कडेवरून ओघळेपर्यंत भरले, सुमारे एक लिटर लागले.

शाळेत एक प्रयोग करता येईल. तांब्याच्या दोन तारा चिंचेने लखलखीत घासाव्यात. एक खोबरेलात, दुसरी जीएल-५ तेलात बुडवून नळ्या उकळत्या पाण्यात तीन तास ठेवाव्यात. खोली हवेशीर असावी. तेल तपासताना कारखान्यांत तांब्याच्या पट्टीवर अशाच प्रकारची कसोटी लावतात. दुसरी तार काळवंडली तर कारण विचारावे. फारशी काळवंडली नाही, तर तेही शिकवण्यासारखे आहे. आजच्या अनेक तेलांत तांब्याचे रक्षण करणारी द्रव्येही घातलेली असतात.

शेवटी उरले एक लिटर जुने तेल. आपल्याकडे जळके ऑइल वाळवीसाठी वाशांना फासतात, नाहीतर परसात ओततात. कोकणातल्या जांभ्या दगडातून ते विहिरीत आणि तेथून खाडीत जायला वेळ लागत नाही. १९८७ पासून मालवणचा समुद्र अभयारण्य आहे. आम्ही ते तेल डब्यात भरून, जुने तेल परत घेणाऱ्याकडे देण्यासाठी बाजूला ठेवले. पुतण्याने त्या डब्यावर खडूने लिहिले, 'विहिरीपासून लांब'.