आवृत्तीचं साल

जुनी पुस्तकं शोधणं हा माझा पंचवीस वर्षांचा उद्योग आहे. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी पतपेढीतली, आणि उरलेला वेळ पेणच्या खारजमिनी, मिठागरं आणि बंधारे यांची कागदपत्रं धुंडाळण्यात. या कामात एक सवय हाडीमासी भिनते. कोणतंही पुस्तक हाती आलं की आवृत्ती पाहायची, आणि ती जितकी जुनी तितका आनंद मोठा. या सवयीनं मला आयुष्यात एकदाच दगा दिला. ती हकीकत आणि तिच्यामागून आलेलं थोडं वाचन इथं मांडतो.

तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठात जेवण चार घासांत पुरेसं व्हायला लागलं. डाव्या बरगडीखाली जडपणा. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी निघाल्या एक लाख चाळीस हजार. निरोगी माणसात त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. मुंबईतल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. बाहेर येऊन बसलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, म्हणजे ब्लड कॅन्सरच ना?" आमच्या पिढीला हा शब्द सिनेमानं शिकवला. 'अखियों के झरोखों से' १९७८ चा. त्यातली नायिका ल्युकेमियानं जाते. ब्लड कॅन्सर म्हटलं की शेवटच्या रिळात कोण मरणार हे प्रेक्षकाला ठाऊकच असायचं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना प्रश्न विचारायचे सोडून वाचनालयात गेलो. आरोग्याच्या कपाटात तळाला एक जाड मराठी पुस्तक होतं. बांधणी सुटलेली, पानं पिवळी. असं पुस्तक दिसलं की माझा हात आपोआप तिकडेच जातो. ल्युकेमियाला त्यात अडीच पानं होती. माझ्या प्रकाराबद्दल लिहिलं होतं की रोगी साधारण तीन-चार वर्षं जगतो. मी उभ्या उभ्या हिशेब केला. मुलीचं शिक्षण, घराचं कर्ज, खारलँडच्या पुस्तकाचं अर्धं राहिलेलं हस्तलिखित. ते पुस्तक घरी नेलं आणि अकरा दिवस कुणालाही दाखवलं नाही. पहिल्या पानावरचं साल मी वाचलं होतं, १९७९. वाचलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. दस्तऐवजावरच्या तारखेवरून आयुष्यभर वाद घातलेल्या माणसानं ही चूक करावी, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या लेखकानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. १९७९ साली तेच खरं होतं. तेव्हाच्या गोळ्यांनी पांढऱ्या पेशींची संख्या खाली यायची, पण आजाराचं मूळ तसंच राहायचं. ते मूळ दिसायला १९६० साली सुरुवात झाली. पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फियात या रोग्यांच्या पेशींमध्ये एक आखूड गुणसूत्र आढळलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की नऊ आणि बावीस क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी बसलेले असतात. त्या चुकीच्या जोडणीतून एक प्रथिन तयार होतं आणि ते पेशींना वाढत राहायचा हुकूम देत सुटतं. नेमकं तेच प्रथिन अडवणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली. आज ज्यांना औषध चांगलं लागू पडतं, त्यांचं आयुर्मान इतरांच्या जवळपास पोचतं. माझ्या हातातलं पुस्तक आणि ही गोळी यांच्यात बावीस वर्षांचं अंतर होतं, आणि ते अंतर कपाटातल्या कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

मग मी रीतसर शोध सुरू केला, जसा बंधाऱ्यांचा केला होता तसा. सुरुवात शब्दांपासून. 'कर्करोग' हा आपला जुना शब्द नव्हे. ग्रीकांनी गाठीला खेकड्याचं नाव दिलं, लॅटिननं ते उचललं आणि आपण त्याचं संस्कृत केलं. ल्युकेमियासाठी काही ठिकाणी 'रक्तार्बुद' वापरतात. हा शब्द सुश्रुतसंहितेत आहे खरा, पण तिथं तो अर्बुदाचा, म्हणजे गाठीचा एक प्रकार आहे. ल्युकेमियात तशी गाठ नसते. नावाच्या या साम्यावरून "आपल्याकडे हे सगळं आधीच होतं" असं छापणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. त्यांतली तीन मला नातेवाइकांनी प्रेमानं आणून दिली. एकात गव्हांकुर, एकात पपईची पानं, एकात द्राक्षं. द्राक्षांची कल्पना तर शंभरीला आली. जोहाना ब्रँड या दक्षिण आफ्रिकी बाईंनी १९२८ मध्ये द्राक्षांवर राहून कर्करोग बरा करण्याचं पुस्तक लिहिलं. ते अजून वेगवेगळ्या वेशांत फिरतं आहे. अशा पुस्तकांना आवृत्तीचं साल जुनं झालं तरी चालतं, कारण त्यांत पडताळून बदलावं असं काही नसतंच.

त्याच १९२८ मध्ये दुसरी एक बाई मुंबईत उतरली होती. ल्यूसी विल्स. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिनं गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास केला. त्या काय खातात ते नोंदवलं. यीस्टचा अर्क, इंग्रजांच्या न्याहारीतलं मार्माइट, दिल्यावर त्यांचं रक्त सुधारतं हे तिला दिसलं, आणि १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. माझी आजी रोह्याजवळच्या खेड्यातून परळला गेलेली, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. ल्यूसी विल्सबद्दल वाचताना मला परळच्या त्या चाळीचा वास आला.

पुढची साखळी मला सिद्धार्थ मुखर्जी यांच्या 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' या २०१० च्या पुस्तकात सापडली. माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश शेजारी ठेवून पाच महिने लागले. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं. पंडुरोग्याचं रक्त त्यानं सुधारतं, मग यांचंही सुधारेल असा कयास. झालं उलटंच, रोग भडकला. मग फार्बर यांनी विचार फिरवला. ज्यानं रोग वाढतो त्याची वाट अडवली तर? तसा पदार्थ तयार होता लेडर्ली कंपनीत, यल्लाप्रगडा सुब्बाराव या तेलुगू माणसाच्या प्रयोगशाळेत. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी सोळा मुलांचा वृत्तान्त छापला. दहांमध्ये रोग मागे हटला होता. तात्पुरता, पण हटला. औषधानं मुलांचा ल्युकेमिया मागे हटतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले. पुस्तकाची अर्पणपत्रिका फार्बरच्या एका बालरुग्णाच्या नावे आहे, आणि नावापुढे त्याची सालं आहेत, १९४५ ते १९४८.

हाफकिन संस्थेपासून हाकेच्या अंतरावर टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेही ल्युकेमियातूनच उभं राहिलं, हे परळला चकरा मारणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई जून १९३१ मध्ये वेल्समध्ये ल्युकेमियानं गेल्या. टेनिस साडी नेसून खेळणाऱ्या, बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठी झटलेल्या बाई. दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास केला आणि काही महिन्यांत तेही गेले. त्यांच्या न्यासाच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी रुग्णालय उघडलं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आलं. खात्याचे प्रमुख होमी भाभा, म्हणजे मेहरबाईंचे भाचे. आता त्याचा विस्तार खारघरला झाला आहे. म्हणजे रायगड जिल्ह्यातच, पेणहून पनवेलची एसटी धरली की फार लांब नाही.

या सगळ्या वाचनानं मला बरं वाटलं, पण ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटतं तसं. रोग्याला हवं ते पुस्तक मिळालं रोह्यात.

एका परिचितानं सांगितलं, म्हणून अष्टमीच्या पुलाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. त्यांच्या मुलाला सातव्या वर्षी, १९८७ मध्ये, तीव्र ल्युकेमिया झाला होता. परळला उपचार झाले. त्या काळात तिथं डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीतून काम करणारा माणूस. १९८३ मध्ये देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जारोपण त्यांनी केलं, आणि १९८४ पासून मुलांच्या ल्युकेमियासाठी ठरावीक औषधांचा नेमका क्रम तिथं सुरू झाला. बाईंनी शंभर पानी वही पुढे केली. शाळेची, पाढे छापलेली. तारीख, वार, पेशींचा आकडा, इंजेक्शनचं नाव. "व्हिन्क्रिस्टीन, पाय दुखतात म्हणतो." "आज दोन घास भात." "दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली." खर्चाच्या रकान्यात लिंबं, मेणबत्ती, एसटी. आणि पानामागून पान, आठवड्यातून एकदा, मेथोट्रेक्सेट. हे सुब्बारावांच्या त्या औषधाचंच भावंडं. गिरणीतल्या बायकांच्या रक्तापासून निघालेली वाट रोह्याच्या पाढ्यांच्या वहीत आली होती.

"मला पुस्तक कुठलं मिळणार होतं, भाऊ?" बाई म्हणाल्या. "डॉक्टर बोलले ते तिथंच जिन्यावर बसून लिहायचे. नंतर काही आठवत नसे." मुलगा कुठे आहे हे विचारायचा मला धीर होत नव्हता. तेवढ्यात फाटक वाजलं आणि धाटावच्या कारखान्यातून पाळी संपवून एक टक्कल पडू लागलेला गृहस्थ आत आला. "आलेत का ते पेणचे?" त्यानं विचारलं. अंगणात सदाफुली फुलली होती. व्हिन्क्रिस्टीन तिच्यातूनच काढतात, आणि तेही एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. म्हणून पानांचा रस पिऊ नये, तो विषारी आहे. बाईंना तसा सल्ला देणारे १९८७ मध्येही होते.

तेव्हापासून मीही वही ठेवतो. गोळीची वेळ, जेवणानंतर भरपूर पाणी, पायात येणारे गोळे, दर तीन महिन्यांच्या तपासणीचा आकडा. आणि गोळीची किंमत. मूळ कंपनीची महिन्याची गोळी एके काळी सव्वा लाखाच्या घरात होती, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. मूळ कंपनीनं गोळीच्या सुधारित रूपावर पेटंट मागितलं. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्याविरुद्ध लढली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी ती मागणी फेटाळली. हा निकाल मी पूर्ण वाचला. रुक्ष आहे, पण माझ्या औषधांच्या पिशवीत तो रोज असतो.

मराठीत हसवणारं एकच पुस्तक या दिवसांत हाती लागलं, पद्मजा फाटक यांचं 'हसरी किडनी'. आजार वेगळा, पण रुग्णालयात बसून वाचायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. बायकोनं ते माझ्याआधी संपवलं.

ते १९७९ चं पुस्तक मी परत केलं. ग्रंथपाल ते रद्दीत काढायला निघाले होते. मी म्हटलं, नका काढू, त्या काळात काय माहीत होतं त्याचा तो पुरावा आहे. फक्त आरोग्याच्या कपाटातून हलवा आणि इतिहासाच्या कपाटात ठेवा. त्यांनी हसून चिठ्ठी काढली, लाल शाईनं मोठ्या अंकांत साल लिहिलं आणि पुठ्ठ्यावर डकवलं. मग विचारलं, "बाकीच्या पुस्तकांवरही लावूया का?" कपाटात त्रेसष्ट पुस्तकं आहेत. दर शनिवारी दोघं मिळून बसतो, एकोणचाळीस झाली.