गाण्यांनी हॉर्न खाल्ला: बाईकवरच्या म्युझिकची गोष्ट

हा एपिसोड तुम्ही बाईकवर ऐकत असाल, तर आधी बाजूला थांबा. थांबलात? मग सांगतो.

२००९ चा पावसाळा. बाबांच्या शंभर सीसी बाईकला मी एक सेट बसवून घेतला होता. पेनड्राइव्ह लावायचा, एफएम लागायचं, आणि लेगगार्डवर दोन गोल स्पीकर. वायरिंग करणाऱ्याने विचारलं, "चावीवर जोडू की डायरेक्ट बॅटरीवर? डायरेक्ट जोडला तर गाडी बंद असतानाही वाजेल." अर्थातच मी म्हटलं डायरेक्ट. गाडी कट्ट्याशी लावायची आणि गाणी लावायची, यासाठीच तर खर्च केला होता! त्या एका उत्तराकडे आपण परत येऊ. त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण चालत्या गाडीत गाणी वाजवणं ही शंभरेक वर्षांची भानगड आहे.

१९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन नावाच्या माणसाच्या कंपनीने मोटारीत बसेल असा रेडिओ बनवला. अटलांटिक सिटीत रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं. आत स्टॉल नव्हता, म्हणून गॅल्विनने आपली गाडी बाहेर उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. मोटार आणि त्या काळच्या 'व्हिक्ट्रोला' ग्रामोफोनमधलं 'ओला' जोडून त्याने नाव ठेवलं मोटोरोला. हो, तीच, तुमच्या फोनवाली.

पण त्यांची खरी डोकेदुखी वेगळीच होती. पेट्रोल इंजिनात प्लग ठिणगी टाकतो आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटासा रेडिओ ट्रान्समीटर असतो. सुरुवातीचा बिनतारी संदेश ठिणगीनेच जायचा, हे लक्षात घ्या. त्यामुळे इंजिन सुरू झालं की गाण्यात नुसती खरखर. उपाय म्हणून प्लगच्या वाटेत रेझिस्टर घातले, वायरी झाकल्या. आजही आपल्या बाईकच्या बऱ्याच प्लगांच्या नंबरात मध्येच 'आर' हे अक्षर असतं, ते या रेझिस्टरचं.

मोटारीला मोठी बॅटरी होती म्हणून हे जमलं. तेव्हाच्या रेडिओतले व्हॉल्व्ह खूप वीज खायचे आणि बाईककडे वीज कमीच. १९५४ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला आणि खिशातल्या छोट्या बॅटरीवर गाणी ऐकता येऊ लागली. आमचे आजोबा चामड्याच्या कव्हरमधला ट्रान्झिस्टर सायकलच्या हँडलला अडकवून शेतावर जायचे. एका अर्थाने पोर्टेबल प्लेअर बसवलेली आमच्या घरातली पहिली गाडी ती. वायरिंग शून्य, आवाज सगळ्या गावाला.

आता १ जुलै १९७९. जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. किंमत ३३,००० येन. पत्रकारांसाठी सोनीचा 'प्रेसमन' नावाचा छोटा टेपरेकॉर्डर आधीच होता. त्यातलं रेकॉर्डिंग काढलं, स्टिरिओ घातला आणि सोबत हलके हेडफोन दिले. गंमत बघा, पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक केशरी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि मायक्रोफोनमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. गाणी ऐकणारा माणूस आजूबाजूच्यांपासून तुटतो, ही शंका बनवणाऱ्यांनाही होती. ते बटण पुढे गायब झालं. १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या वुडब्रिज गावाने हेडफोन घालून रस्ता ओलांडायला बंदीच घातली. लोक हसले, पण मला त्या गावाचं हसू येत नाही.

बाईकवाल्यांसाठी वॉकमन तसा कामाचा नव्हता. टेप एका ठरावीक वेगाने सरकली तरच सूर नीट येतो, आणि धक्के बसले की गायक थरथरायला लागतो. १९८४ मध्ये सोनीने पोर्टेबल सीडी प्लेअर आणला, त्याची तर साध्या चालण्यातही गाणी उडायची. मग युक्ती निघाली: सीडी गरजेपेक्षा जोरात वाचायची, पुढची काही सेकंदं मेमरीत साठवायची आणि धक्का बसला की तिथून वाजवायचं. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये हीच युक्ती मोठी झाली. आत ५ जीबीची फिरती हार्डडिस्क, सोबत ३२ एमबी मेमरी. गाणी मेमरीत ओतायची आणि डिस्क थांबवायची. जॉगिंगला हे पुरतं. पण सिंगल सिलिंडर बाईकची थरथर थांबतच नाही. तिच्यावर फिरती डिस्क नेणं म्हणजे दुधाचं उघडं भांडं नेण्यासारखं.

हा प्रश्न खरा सोडवला फ्लॅश मेमरीने. आत काही फिरतच नाही, तर उडणार काय? १९९८ पासून असे एमपी३ प्लेअर यायला लागले. माझा २००९ चा सेट या घराण्यातला. खड्ड्यात गाडी आपटली तरी गाण्याचा एक सूर हलायचा नाही. मला वाटलं, झालं, जिंकलो.

राहिला होता विजेचा हिशोब, आणि तो मी केलाच नव्हता.

तेव्हाच्या साध्या शंभर सीसी गाड्यांची वीज समजून घ्या. इंजिनला जोडलेला मॅग्नेटो वीज बनवायचा. प्लगची ठिणगी आणि हेडलाइट थेट त्यावर चालायचे. बॅटरी पिटुकली, १२ व्होल्ट, अडीच अँपिअर-तास. तिच्यावर फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट. आता मोठ्या आवाजात दोन अँपिअर ओढणारा सेट त्याच बॅटरीला लावला, की तासाभरात ती रिकामी. आणि बॅटरी मेली हे कळत नाही! किक मारली की गाडी सुरू, दिवा लख्ख. गायब होतो तो फक्त हॉर्न.

मी आणि मामेभाऊ भोरहून वरंधा घाटाने महाडला, मामाकडे निघालो होतो. वाघजाईपाशी भजी खायला थांबलो. धुकं, पाऊस, गरम भजी आणि बंद गाडीवर जोरात गाणी. चांगला पाऊण तास गेला. निघालो, किक मारली, गाडी सुरू. थोडं उतरल्यावर सेट बंद पडला. मी म्हटलं पाणी गेलं असेल. मागून भाऊ म्हणाला, "दादा, बॅटरी तर नाही ना?" मी म्हटलं, "बॅटरी गेली असती तर गाडी सुरू झाली असती का?" इतक्या खात्रीने म्हटलं, की त्याने परत विचारलं नाही.

पुढच्या आंधळ्या वळणावर हॉर्नचं बटण दाबलं. खर्र... बस्स, तेवढंच. समोरून एसटी. मी गाडी डावीकडे घातली, चिखलात घसरली, भाऊ उडून दगडावर पडला. कॉलरबोन मोडलं. ड्रायव्हरकाकांनी एसटी थांबवली, त्याला उचलून आत बसवलं आणि मला एकच विचारलं, "अरे, हॉर्न का नाही दिलास?"

सहा आठवडे त्याचा हात झोळीत होता. त्याची पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्याच महिन्यात होती. ती गेली. पुढच्या वर्षी तो बसलाच नाही. आज महाडला त्याचं दुकान आहे, बरं चाललंय. तो मला कधीही काही बोलला नाही. मामीने मात्र सेटचे ते दोन स्पीकर बरीच वर्षं पडवीत ठेवले होते, आणि मी गेलो की ते दिसायचेच.

आता तुमच्याकडे येतो. आज गाणी फोनवर, फोन हँडलच्या होल्डरवर. २०२१ मध्ये अॅपलने स्वतः सांगितलं, की मोठ्या इंजिनाच्या बाईकची थरथर आयफोनच्या कॅमेऱ्याला मारक ठरू शकते, कारण आतली भिंग सरळ ठेवणारी यंत्रणा हलती असते. म्हणजे गाण्यातले हलते भाग गेले आणि कॅमेऱ्यातून परत आले. लावायचाच असेल तर थरथर शोषणारा होल्डर घ्या. चार्जर चावीवरच्या वायरला जोडा, मध्ये फ्यूज टाका. वायरिंगवाल्याने डायरेक्ट का विचारलं, तर नको म्हणा. आणि कानात इअरफोन कोंबू नका. शंभराच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. त्यावर गाणं चढवलं की मागचा ट्रक ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात भावाने नवी बाईक घेतली. मला फोन करून म्हणाला, "दादा, ब्लूटूथ बसवायचंय, कुठे जोडू?" मी दोन दिवसांची सुट्टी काढून महाडला गेलो आणि वायरिंग स्वतः केलं. सगळं झाल्यावर त्याने सेटला हातही लावला नाही. आधी हॉर्न वाजवून बघितला.